कानामागचा नमुना

टिमकी, नागपूर
रविवार, १९ जानेवारी १९८६

ती. गोदू आत्याला गोपिकाचा नमस्कार.

पत्र हातात पडताच तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की घरी सगळे बरे आहेत. कोणाला काही झालेलं नाही. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात जातात-येतात, आईचे गुडघे थंडीत दुखतात, माझी बालवाडी चालू आहे.

तू कुहीला गेल्यापासून दोन दिवाळ्या झाल्या आणि हे माझं पहिलं पत्र. त्याला कारण आहे, आणि ते मागे ठेवून आधी इकडचं तिकडचं लिहीत बसणं मला बरं वाटत नाही. मला तुला एक विचारायचं आहे.

मागच्या रविवारी मौद्याहून धकाते लोक मला पाहायला आले होते. मुलाचं नाव विश्वनाथ, तिथल्या शाळेत शिक्षक आहे. वडील नाहीत. आई आहे, तुळजाबाई. त्यांनी मला दारापाशी उजेडात नेलं, हनुवटी धरून गाल स्वतःकडे वळवला आणि आईला विचारलं, "जन्माचा होय काय हा डाग?" आई हो म्हणाली. ते खरंच आहे. मग आत येऊन बसल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "पोरगी मले पसंत आहे. पण आमच्या मौद्यात लोकं तोंडावर इचारते, का सुनेच्या गालाले काय झालं. नागपुरात आता लेझर का काय निघालं म्हणते. डाग काढून घ्या, अक्षय तृतीयेले लगन करून टाकू."

मुलाचं म्हणशील तर, चहाची बशी खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून त्यानं खाली आधी बोट ठेवलं होतं. एवढंच माझ्या लक्षात आहे.

ते गेल्यावर बाबांनी धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांची चौकशी केली. डॉक्टर कृष्णकांत देव. ते हे काम करतात. आता मला त्यांच्यापुढे बसावं लागेल आणि ते विचारतील की गालाला याआधी काय काय झालं. मी मनात उत्तराची तयारी करते आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी ती तुला वाचून दाखवते. काही चूक असेल तर कळव.

"माझ्या डाव्या गालावर, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत आणि कानामागेसुद्धा, जन्मापासून लाल डाग आहे. तो दुखत नाही. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला पाहायला पाहुणे येणार होते. आमचं घर विणकरांचं, घरी सूत रंगवायचे. रंगकामानंतर हाताचे डाग घालवायला ब्लिचिंग पावडरचं पाणी करतात, नंतर चिंचेचं पाणी लावून धुतात. घरातल्या एका माणसानं चांगल्या हेतूनं ते पाणी माझ्या गालाला लावलं. गाल भाजला, सोलला. चौकातल्या एका कंपाउंडरनं ट्यूब दिली. लावली की बरं वाटायचं, सोडली की दुप्पट आग व्हायची. पुढे मोठ्या दवाखान्यात ती ट्यूब बंद केली आणि फक्त साधं पांढरं मलम दिलं. दीड वर्ष साधं पाणीसुद्धा चुरचुरत होतं. घाम आला तरी आग, उन्हात गेलं तरी आग. मागच्या दिवाळीपासून पाणी चुरचुरत नाही."

"घरातल्या एका माणसानं" असंच म्हणणार आहे. तुझं नाव घेणार नाही.

आईचं म्हणणं आहे, हे काहीच सांगायचं नाही. डॉक्टरांकडे मौद्याचे लोक येतात, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर जाईल. ती म्हणते, "डागाची गोष्ट येगळी, भाजल्याची येगळी. भाजलेली पोरगी म्हटलं का लोकं हजार गोष्टी लावते. कोणं भाजली, काहून भाजली." हे तिचं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. आजकालचा पेपर उघडला की तेच असतं.

आता विचारायचं ते असं. त्या पाण्यात पावडर किती होती, आणि ते गालावर किती वेळ राहिलं? मी डोळे मिटून होते. मला काही आठवत नाही. तू मला अक्षर शिकवताना सांगायचीस की जे माहीत नाही ते मध्ये भरू नये, जागा कोरी ठेवावी. म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

आणखी काही मी विचारत नाही.

तुझी,
गोपिका


टिमकी, नागपूर
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

ती. आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. रब्बीची कामं असतील, किंवा माझं पत्र मिळालं नसेल, किंवा मिळालं असेल. मी पुन्हा लिहिते.

आम्ही धंतोलीला जाऊन आलो. यंत्र डॉक्टर देवांचं स्वतःचं नाही, ते डोळ्यांच्या एका दवाखान्यात आहे. साखरेच्या रोग्यांच्या डोळ्यांत आतून रक्त झिरपतं, ते त्या प्रकाशानं बंद करतात म्हणे. तोच प्रकाश लाल डागातल्या बारीक रक्तवाहिन्याही बंद करतो. यंत्र आपल्या मोठ्या कपाटाएवढं आहे. ते फार तापतं, म्हणून त्याला नळाचं पाणी सतत लागतं. रबरी नळी मोरीच्या नळाला जोडलेली होती. इतकं नवं यंत्र आणि त्याला मोरीची नळी, हे पाहून मला जरा धीर आला, का ते सांगता येणार नाही.

डॉक्टर भले आहेत. खाली मान घालून बोलणाऱ्या माणसाला ते दोनदा विचारतात. त्यांनी विचारलं, "या गालावर पूर्वी काही औषध, काही जखम, काही भाजणं?" मी तोंड उघडलं होतं. आई आधी बोलली. "कायचं नाही डॉक्टरसाहेब. उन्हात गेली का लाल होते, बस." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. ते लिहून पुढच्या प्रश्नाला गेले.

त्यांनी समजावलं ते असं. हे काम गोऱ्या लोकांच्या कातडीवर जास्त झालेलं आहे, आपल्या सावळ्या कातडीवर कमी. आपल्याकडे प्रकाश वरच्या थरातच अडकतो, त्यानं काळे डाग किंवा जाड वण राहू शकतात. म्हणून आधी दिसणार नाही अशा जागी थोड्याशा डागावर करून पाहायचं, काही आठवडे थांबायचं, मग गाल. जागा त्यांनी कानामागची धरली.

बाबा हे ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "नमुना." डॉक्टर म्हणाले, "बरोबर, नमुनाच."  तुला आठवतच असेल, तुझ्यावर बाबांचा राग तेवढ्याच गोष्टीसाठी होता. आपल्या घरात नवा रंग कालवला की आधी चार धागे बुडवायचे, सावलीत वाळवायचे, दुसऱ्या दिवशी उजेडात पाहायचे, मगच पूर्ण लडी. गाल भाजला त्या दिवशी ते अंगणात उभे राहून म्हणाले होते, "सुताची लडी असती त गोदीनं आधी नमुना बुडवला असता. पोरीच्या गालाले नाही बुडवला." तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस आणि तुझी पेटी भरलीस. मी आत पडून होते, पण ऐकू येत होतं.

प्रत्यक्ष काम असं झालं. माझ्या डोळ्यांवर धातूच्या वाट्यांसारखी झाकणं लावली. सगळ्यांनी नारिंगी चष्मे घातले. आईलाही दिला, ती नाकावरून सारखी वर ढकलत होती. यंत्र सुरू झालं आणि लाईट गेली.

दवाखान्यातला कंपाउंडर बाबांना म्हणाला, "तुमी कोराडीलेच हाय ना काका? काय गा, आज चाबी घरी घेऊन आले काय?" सगळे हसले. बाबा मात्र खरंच ओशाळले, दर थोड्या वेळानं डॉक्टरांना म्हणत होते, येऊनच जाईल आता, येऊनच जाईल. ते राखेच्या विभागात आहेत, त्यांच्या हातात बटण नाही, पण शहरात कुठेही अंधार झाला की त्यांना तो आपलाच वाटतो.

लाईट आल्यावर काम लवकर झालं. फोडणीचे थेंब कानामागे उडावेत, तसं वाटलं. केस जळाल्याचा वास आला. बस.

मला रोज वाटतं की डॉक्टरांना सांगायला हवं. पण अजून गालाला काही केलेलं नाही, कानामागे ते पाणी कधी लागलंच नव्हतं, तेव्हा आत्तापर्यंत कोणाचं नुकसान झालेलं नाही, असं मी स्वतःला सांगते. हे बरोबर आहे का? तू असतीस तर पाटीवर लिहून दे म्हणाली असतीस, म्हणजे मग मलाच दिसलं असतं.

पावडर किती होती, ते कळव.

गोपिका


टिमकी, नागपूर
रविवार, २३ मार्च १९८६

ती. आत्या,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याबद्दल लिहायचं आहेच. पण आधी इकडे काय झालं ते क्रमानं सांगते, नाहीतर तुझ्या पत्राचं काय झालं ते कळणार नाही.

कानामागची खपली पडली. खाली कातडी फिकी निघाली, गुळगुळीत. मला दोन आरसे धरून दाखवलं. माझ्या अंगावरचा तो डाग थोडासाही कमी झालेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मला आनंद झाला. हे लपवत नाही. आईनं शेजारच्या रंभाबाईंना बोलावून माझा कान पुढे दुमडून दाखवला. त्या म्हणाल्या, "बाई बाई, कापड धुतल्यासारखं निघालं वं." मौद्याला निरोप गेला. तुळजाबाईंकडून उत्तर आलं की तारीख पक्की समजा.

डॉक्टर म्हणाले होते की खरं तर आणखी थांबावं. पण नमुना इतका स्वच्छ निघाला, आणि लग्न ठरलेलं, तर गालाचं काम दोन-तीन भागांत मार्चअखेरपासून सुरू करू. पहिला भाग पुढच्या शनिवारी करायचं ठरलं.

आणि मग तुझं पत्र आलं.

आत्या, तू मला नेहमी सांगायचीस की पत्रात घरची बोली आणू नये, पत्र चार माणसांपुढे वाचलं जातं. म्हणून मी आजपर्यंत आणली नाही. तुझ्या पत्रात पावडरचं माप नीट लिहिलं आहे, किती वेळ लागला तेही लिहिलं आहे, सगळं पुस्तकातल्यासारखं. आणि शेवटी तूच बोलीत लिहिलंस: "नमुना केला होता वं गोपे. माह्या हातावर केला होता. आदल्या दिवशी लावून ठेवलं, सकाळी पाह्यलं. कायीच नाही झालं. म्हून तुले लावलं."

मी ते जेवणघरात उभी राहून वाचलं. तुझे हात मला दिसले. उकळत्या हंड्यातून तू हातानं लडी वर काढायचीस आणि मी लहान असताना ओरडायचे, तर तू हसायचीस. तुझ्या नखांच्या मुळाशी निळं असायचं, ते सणाच्या दिवशीही जात नसे. चूल विझवताना निखारा उचलून बाजूला ठेवायचीस. त्या हातावर तू नमुना केलास.

संध्याकाळी बाबा कोराडीहून आले. भुवयांवर राख होती. मी त्यांच्या हातात पत्र दिलं. ते वाचून झाल्यावरही खाली ठेवीनात. मग चष्मा काढला, आपलाच तळहात उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "तिच्या हातावर काय होणार? माह्याही हातावर काही झालं नसतं."

आईनं विचारलं, काय झालं. बाबांनी पत्राची घडी करून मला परत दिलं. जेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. हे मी वाढवून लिहीत नाही. ते फक्त एवढंच बोलले.

तू एवढं त्या दिवशी अंगणात का सांगितलं नाहीस, हे तू लिहिलेलं नाहीस. मी कोरी जागा ठेवते.

पण त्या रात्रीपासून मला दुसरीच गोष्ट सुचते आहे, आणि ती सुचल्यावर जाईना. कानामागची कातडी ही तुझ्या हातासारखी आहे. तिच्यावर ते पाणी पडलं नव्हतं, ती ट्यूब लागली नव्हती, दीड वर्ष तिची आग झाली नव्हती. नमुना चांगला निघाला, तो तिचा निघाला. गालाचा नव्हे. डॉक्टरांना हे माहीत नाही. माहीत असतं तर त्यांनी जागा दुसरी धरली असती. आम्ही त्यांना कळू दिलं नाही.

गाल वरून बरा दिसतो. पण उन्हातून आले की डागाची एक कड अजून गरम होते. बालवाडीतल्या मुलांनी होळीच्या आधीच पिचकारी मारली, तेव्हा मी घरी येईपर्यंत पदरानं गाल पुसत राहिले आणि भीतीनं रडले. चुरचुरलं नव्हतं. चुरचुरेल म्हणून रडले.

मी शनिवारी सांगणार आहे. आईला आजच सांगितलं. ती म्हणाली, "सांगशील त लगन मोडन." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?" ती तांदूळ निवडत होती, ते निवडून झालेले पुन्हा सुपात घेतले.

तुझी,
गोपिका


टिमकी, नागपूर
रविवार, ६ एप्रिल १९८६

ती. आत्या,

सांगितलं.

जी तयारी तुला पहिल्या पत्रात वाचून दाखवली होती, तीच बोलले, फक्त कोऱ्या जागी तू दिलेलं माप घातलं.  डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला, गाल उजेडात आणला आणि भिंग लावून बराच वेळ पाहिला. गालावर थंड पाण्याचा बोळा ठेवला, मग बोटानं हलकं घासून तिथे किती लाली येते ते पाहिलं. मग म्हणाले, "हे आधी का नाही कळलं मला?"

आई जमिनीकडे पाहत होती. बाबा म्हणाले, "लग्नासाठी, साहेब. चुकलंच."

डॉक्टर रागावले नाहीत, म्हणजे रागावले, पण थोडे. म्हणाले, "कानामागची कातडी आणि ही कातडी, मला आता दोन वेगळ्या माणसांच्या समजल्या पाहिजेत. वरून भरून आली आहे. आत किती भरली ते दिसत नाही. आज मी गालावर हात चालवला असता, तर झालेलं मला परत घेता आलं नसतं."

मग त्यांनी सांगितलं की हवं तर अजूनही करून पाहता येईल, पण भाजलेल्या भागातच, जबड्याच्या खाली, अगदी थोडंसं. आणि अर्धा पावसाळा होईपर्यंत थांबायचं, कारण जाड वण लगेच उठत नाही, उशिरा उठतो. तोवर ऊन नाही, साबण नाही, कोणतीही ट्यूब नाही. मी हो म्हटलं. त्याच दिवशी तेवढं करून घेतलं. या वेळी लाईट गेली नाही.

म्हणजे अक्षय तृतीया गेली.

 घरी आल्यावर आई म्हणाली, "तू खरं बोलली, आता मौद्याले कोण बोलते?" बाबा म्हणाले, मी जातो. पण ते जायच्या आधीच विश्वनाथ स्वतः आला, एकटा, मंगळवारी शाळा सुटल्यावरच्या बसनं. तारखेचं काही ठरवायचं होतं म्हणून आला होता. बाबा कोराडीला होते. आईनं त्याला चहा दिला आणि ती आत गेली, मुद्दामच गेली असावी.

मी त्याला सगळं सांगितलं. पाणी, ट्यूब, दीड वर्ष, कानामागचं, जबड्याखालचं. तो ऐकत होता. त्यानं विचारलं, "आता दुखते काय?" मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "आईले भाजल्याचं सांगू काय?"

"सांगा."

"मग थे नाही म्हणन."

मी म्हटलं, "तुम्ही काय म्हणता?"

त्यानं आधी बोट टेकवून बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "घरी बोलून पाहतो." जाताना चपला घालून पुन्हा उंबऱ्याशी आला आणि म्हणाला, "उन्हाचं तेवढं सांभाळा."

हे तुला कळवण्याजोगं नाही. पण लिहिलं गेलं आहे, तर राहू दे.

तुझ्याकडे ऊन कसं आहे? डोक्यावर ओला फडका ठेवत जा.

गोपिका


टिमकी, नागपूर
शनिवार, ९ ऑगस्ट १९८६

ती. आत्या,

मध्ये पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, फक्त थांबायचं होतं. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. कुहीला पाऊस चांगला झाला आणि तू या वयात भाताच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात उतरलीस, हे वाचून आई म्हणाली, "गोदूबाई काही सुधरत नाही." खूप दिवसांनी तिनं तुझं नाव घेतलं.

बुधवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी दोन्ही जागा पाहिल्या.

कानामागची जागा जशीच्या तशी फिकी आहे, छान आहे. जबड्याखालची जागा तुरीच्या डाळीएवढी वर आली आहे. टणक आहे, भोवती काळी कड आहे, घाम आला की खाजते. मला जूनमध्येच ती बोटाला लागायला लागली होती. मी कोणाला सांगितलं नाही, कदाचित बसेल म्हणून. बसली नाही.

डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पूर्ण गाल असा झाला असता." मग म्हणाले, या गालावर मी हे काम करणार नाही. पुढे कधी वेगळी यंत्रं येतील, तेव्हा पाहू, आणि तेव्हाही ज्याच्याकडे जाल त्याला हे सगळं पहिल्यांदा सांगा. मी हो म्हटलं. वर आलेला भाग हळूहळू मऊ होईल, त्यासाठी एक पट्टी लावायला दिली आहे. तो पूर्ण जाणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आई थांबली. तिनं माझी हनुवटी वर केली, जशी तुळजाबाईंनी केली होती तशी, आणि त्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "एवढ्यावरच राह्यलं," म्हणाली.

मौद्याचं तुला कळवलं नव्हतं. विश्वनाथचं लग्न मे महिन्यात झालं, अक्षय तृतीयेलाच. मुलगी पवनीची आहे. पत्रिका आली होती. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी इथे आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे, तुला खोडलेलं दिसेल. वाटलं. काही दिवस वाटलं. आता बालवाडीच्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच सांगून टाकते की हा डाग जन्मापासूनचा आहे आणि तो हाताला लागत नाही. त्यातली एक मुलगी, देवकी, रोज बोट लावून पाहते आणि बोट उजेडात धरून बघते की रंग लागला का. लागत नाही, म्हणून खूश होते.

सकाळी तोंड धुताना मी अजूनही क्षणभर थांबते. ओंजळीत पाणी असतं, चेहरा वर असतो. मग पाणी मारते. काही होत नाही. लाल तो लाल आहे, पण कातडी माझी शाबूत आहे. यापेक्षा जास्त मला सध्या काही नको आहे. हे मी कोणाला समजावण्यासाठी लिहीत नाही.

आता महत्त्वाचं.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. बाबा घेऊन येत आहेत. उद्या त्यांची सुट्टी आहे, सकाळच्या बसनं निघतील. काल दवाखान्याचं बोलणं चाललं असताना ते एकदम म्हणाले, "गोदीले सांगाले पाह्यजे." मी म्हटलं, पत्र लिहिते. ते म्हणाले, "लिही. मी नेतो." आई उठली आणि तुझ्यासाठी सांडग्यांचा डबा काढला. तो त्यांच्या पिशवीत आहे. विसरले तर मागून घे.

ते दारात उभे राहतील आणि आधी पत्र पुढे करतील, म्हणजे बोलावं लागू नये. तू ते लगेच वाचत बसू नकोस. पाणी दे. चहात साखर कमी घाल. त्यांना तुझ्या हातांकडे पाहायचं असेल, तर पाहू दे, पदराखाली झाकू नकोस.

आणि तरीही बोलेनात, तर लाल रंग कसा पक्का करायचा ते विचार. तुला येतं हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. तरी विचार. त्याच्यावर ते एकदा सुरू झाले की शेवटची बस जाईपर्यंत थांबत नाहीत.

तुझी,
गोपिका